स्पीतीच्या यादीतली घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे. हिमालयाच्या थंडीला समोरून अडवून आल्या वाटेने परत पाठवेल अशी वस्तू या पृथ्वीवर एकच आहे आणि ती मी आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगते. हिमालय मी पाहिलेला नाही. मी आजवर गेलेलं सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे जालन्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. तिच्यावर मला वर्षातून एकदा वाळत घालतात आणि बहुतेक वेळा काढायला विसरतात.

तरीही मित्रांनो, माझं म्हणणं अजून खोटं ठरलेलं नाही. ते कुणी तपासलेलं नाही, एवढंच.

माझा जन्म टेंभुर्णीचा. तो बराच लांबला. आधी कारभारींनी मेंढ्या कातरल्या. कारभारी म्हणजे माझे पहिले धनी. मग त्यांच्या पत्नी जयवंताबाई यांनी त्या लोकरीचं सूत काढलं, तेही एका जागी बसून नाही. कळप पुढे, बाई मागे, डोक्यावर पाटी, कडेवर पोर आणि हातात गरगरणारी टकळी. कडेवरचं पोर म्हणजे रामप्रसाद. हे नाव लक्षात ठेवा, पुढे हाच मला काट्याला टांगणार आहे. सूत पुरेसं झालं तेव्हा सणगराने मला मागावर विणलं, चिंचोक्याची खळ पाजली आणि खुंट्यांना ताणून उन्हात टाकलं.

त्याच मागावर, त्याच आठवड्यात, दुसरी एक घोंगडी विणली गेली. ती जावळाची होती, म्हणजे कोकराच्या पहिल्या लोकरीची, लोण्यासारखी मऊ. ती देवाच्या गादीवर गेली आणि मी कारभारींच्या खांद्यावर. तिला ऊद मिळाला, मला पाऊस मिळाला. मत्सर म्हणजे काय, ते मला जन्मानंतर चौथ्या दिवशी कळलं. पहिले तीन दिवस मी ओली होते.

पण कामाची वर्षं चांगली गेली, हे नाकारणार नाही. पावसाळा सरला की कळप गोदावरीच्या बाजूला उतरायचा. शेतकरी कारभारींना बोलावून शेतात मेंढ्या बसवून घ्यायचे, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. मी दिवसा डोक्यावर खोळ, संध्याकाळी अंथरूण आणि वारा सुटला की भिंत. माघातल्या एका पहाटे मेंढी व्याली तेव्हा ओलं कोकरू माझ्यात गुंडाळलं होतं. रामप्रसादला गोवर निघाला तेव्हा तोही माझ्यातच होता. दोघांनीही माझ्यावर जे करायचं ते केलं. कारभारी लोकांना सांगायचे, "हिच्यातून पाणी आत येत न्हाई, न् ऊब भायेर जात न्हाई." हे ते वर्षातून दोनदा तरी म्हणायचे. मला दोनदा पुरायचं.

एकदा अंबडच्या एका बागायतदाराने त्यांना छत्री भेट दिली. काळी, कोरी, बटण दाबलं की फाड्कन उघडणारी. कारभारी तीन दिवस ती उघडून हिंडले. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. मी खांद्यावर घडी होऊन पडले होते आणि तिच्या एकेका काडीची नोंद ठेवत होते. चौथ्या दिवशी वावटळ आली आणि छत्री उलटी झाली, ती उलटीच राहिली. मी दुःख व्यक्त केलं नाही.

आमच्या घराची एक रीत आहे, ती इथे सांगायलाच हवी. महत्त्वाची गोष्ट ठरवायची तर घोंगडी अंथरायची आणि तिच्यावर बसून बोलायचं. घोंगडीवर बसून दिलेला शब्द माघारी घेता येत नाही. खुर्चीवर, खाटेवर, फोनवर माणूस काहीही बोलू शकतो. माझ्यावर नाही. रामप्रसादचं लग्न माझ्यावर ठरलं. दोन भावांचा बांधाचा तंटा माझ्यावर मिटला. आणि गुडघे गेल्यावर कारभारींनी दीडशे मेंढ्या विकल्या, तेही माझ्यावरच बसून. शब्द देऊन झाल्यावर त्यांनी माझ्या एका कोपऱ्याने डोळे पुसले. तो कोपरा मी कधी विसरले नाही.

पुढे कारभारी गेले. रामप्रसाद शिकला, जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या एका कारखान्यात उगवण तपासायच्या कामाला लागला आणि आम्ही शहरात आलो. शहरात मला नवं काम मिळालं. रामप्रसादच्या बायकोने, म्हणजे रेणूने, मला चार घड्या करून टेबलावर ठेवलं आणि माझ्यावर इस्त्री करायला लागली. दिवाणावर मिंक ब्लँकेट आलं होतं, लालभडक, त्याच्यावर जबडा उघडलेला वाघ. मेंढीच्या लोकरीने वाघावर जळावं, हे निसर्गाच्या नियमात बसत नाही. मी जळले. दोनदा तर खरोखरच, इस्त्रीने.

असं असताना गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी बद्रीनाथ घरी आला.

बद्रीनाथ हा रामप्रसादचा शाळेपासूनचा मित्र. तो पलीकडच्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीवर काम करतो. लाल झालेली सळई चिमट्याने धरून पुढे सरकवायची, हे तो बावीस वर्षं करतो आहे. मिलच्या टेम्पोने जातो, मिलच्या टेम्पोने येतो. त्याच्या भुवया एका बाजूने कायमच्या गेल्या आहेत. घरी आला की तो आधी पंख्याखालची जागा बघतो, मग माणसं बघतो.

त्या रविवारी रेणूने सोफ्याची कव्हरं धुवायला काढली होती, म्हणून मला जमिनीवर अंथरलं होतं. दोघे माझ्यावर बसले. बद्रीनाथने मोबाइल पुढे केला.

"हे बघ. बर्फ. नुसता बर्फ. त्या माणसाच्या तोंडातून वाफ निघून राह्यली, बघ."

"कुठलंय हे?"

"स्पीती म्हणतेत. हिमाचलात, शिमल्याच्याबी वर. सायकलवर जातेत लोक."

"किती लांब?"

"शिमल्यापसून चारशेच्या वर किलोमीटर. पण तू बर्फ बघ ना." बद्रीनाथ मोबाइल नाकाजवळ नेऊन बघत होता, जणू गारवा काचेतून येणार होता. "बावीस वर्षं झाली रामप्रसाद. एकदा तरी थंडीनं दात वाजले पाहिजेत माझे. बस. मंग काही म्हणणं न्हाई."

"जाऊ की मंग आपण," रामप्रसाद म्हणाला. त्याच्या हातात चहा होता. हातात चहा असताना त्याला चंद्रावर चल म्हटलं असतं तरी त्याने हेच उत्तर दिलं असतं.

"बराबर?"

"बिलकुल. येत्या सप्टेंबरात. सायकलवर."

उंबऱ्याशी बसून जयवंताबाई तूर निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"रामप्रसाद, तू कशावर बसून बोलून राह्यला?"

दोघांनी खाली बघितलं. खाली मी होते.

"माय, मी आपलं असंच..."

"असंच बोलायचं तर खुर्ची होती की. तुझ्या बापानं हिच्यावर बसून दीडशे मेंढरं दिली. जीव तुटला, पण शब्द न्हाई फिरवला. आता जाय तू. आन् बद्री, तूबी बसलेलाच हायेस."

रेणू आतून ओली कव्हरं घेऊन आली. "कुठं जायलेत हे?"

"हिमाचलात. सायकलवर," सासूबाई म्हणाल्या.

"कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला गाडीची किल्ली लागती यांना," असं म्हणून रेणू गच्चीवर गेली.

अशा रीतीने मोहीम ठरली. मित्रांनो, मला त्या दिवशी इतका आनंद झाला की माझ्यातली धूळसुद्धा थोडी वर आली. थंडी म्हटल्यावर कोण लागणार? छत्री? वाघ?

आता रामप्रसादची कामाची पद्धत सांगते. तो शंभर दाणे मोजून ओल्या कागदात गुंडाळतो, ठरलेल्या दिवशी उघडतो आणि किती उगवले ते लिहितो. त्याच्या दृष्टीने जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, पास आणि नापास. त्याने मोहिमेलाही बियाण्यासारखंच हाताळलं. दर रविवारी मला अंथरून बैठक व्हायची. प्रत्येक वस्तूला टॅग लागायचा, टॅगवर लॉट नंबर आणि तपासल्याची तारीख. कानटोपी, हातमोजे, पंक्चरचं सामान, उंचीवर चक्कर आली तर घ्यायच्या गोळ्या, जयवंताबाईंच्या हट्टाने शेंगदाण्याची चटणी. बद्रीनाथ यादीत रमून जायचा. "आधी सामानाचं पक्कं करू," असं म्हणायचा. सायकली घरात ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्या सगळ्यात शेवटी घ्यायच्या ठरल्या. यादीत त्यांचा नंबर एकतिसावा होता.

माझा चौथा होता. निळ्या पेनाने, स्वच्छ अक्षरात: ४. घोंगडी (एक). मी रात्रंदिवस तो आकडा मनात घोळवत होते. तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी पार्सल आलं.

त्यातून ती निघाली. स्लीपिंग बॅग. नारिंगी. आधी ती नारळाएवढ्या पिशवीत होती. बद्रीनाथने तोंडाची दोरी सोडली आणि ती फुस्स करून फुगत फुगत माझ्यावरच पसरली. हे विसरू नका. माझ्यावर. तिला अंथरायला दुसरी जागा नव्हती का?

"बाप रे, ढगच की," बद्रीनाथ म्हणाला आणि त्याने तिच्यावरून हात फिरवला. माझ्यावर तो चार रविवार बसला होता, हात एकदाही फिरवला नव्हता. बसण्याच्या बाजूने हात फिरवता येत नाही, हे मला मान्य आहे.

जयवंताबाईंनी दोन बोटांत तिचं टोक धरलं. "कशाची हाय?"

"बदकाच्या पिसांची, माय," रामप्रसाद म्हणाला.

"बदकाच्या." बाईंनी टोक सोडलं. "मेंढरं राखणाऱ्याचं पोरगं बदकाच्या पिसात झोपणार. बरंय, त्यो न्हाई बघायला."

"मावशी, उणे दहापर्यंत चालती ही," बद्रीनाथ म्हणाला.

"म्हंजी?"

"म्हंजी बर्फाच्याबी खाली दहा."

"मंग वर यायचं की रे. खाली कशाला जायचं?"

बाई माझ्या बाजूने बोलल्या, पण त्यांच्या बोलण्याला लॉट नंबर नव्हता. रामप्रसादने कारखान्यातून हुकाचा काटा आणला होता. त्याने तिला टांगलं. एक किलो एकशे पन्नास ग्रॅम. मग मला टांगलं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने स्वतःच्या बापाच्या घोंगडीला असं हुकाला लटकवावं आणि डोळे बारीक करून आकडा वाचावा, हे दृश्य शत्रूलाही दिसू नये. शत्रू समोरच पडली होती आणि बघत होती.

"तीन किलो दोनशे चाळीस," रामप्रसाद म्हणाला.

"भिजली तर?" बद्रीनाथने विचारलं.

"भिजली तर पाच. जास्तच."

कुणीही आवाज चढवला नाही. रामप्रसादने लाल पेन उघडलं आणि चार नंबरवर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, स्लीपिंग बॅग. मी ती रेघ अंगावर ओढल्यासारखी सोसली. तिच्या पोटात बदकं आहेत, मित्रांनो. मेलेली. माझ्या मेंढ्या मला लोकर देऊन पुन्हा चरायला गेल्या होत्या. पण हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

एक तपासणी मात्र बाकी होती. बॅग उणे दहाला चालते, असं कंपनी म्हणत होती, आणि रामप्रसाद कुठल्याही कंपनीच्या म्हणण्यावर विश्वास ठेवत नाही, कारण तो स्वतः कंपनीत काम करतो. चाचणी हवी होती. आणि मे महिन्यात जालना जिल्ह्यात थंडी एकाच ठिकाणी मिळते, बियाण्याच्या शीतगृहात. तिथे बाराही महिने दहा अंश ठेवतात, बियाणं म्हातारं होऊ नये म्हणून. या जिल्ह्यात माणसांसाठी अशी सोय नाही.

शीतगृहावर प्रभावतीबाई होत्या. तापमानाची वही त्यांच्याकडे. त्यांनी आधी साफ नकार दिला, मग बद्रीनाथची अर्धी भुवई बघितली आणि एक तास दिला. "एक तास म्हंजी एकच, रामप्रसादभाऊ. दार उघडं राह्यलं न् पारा चढला तर मी वहीत काय लिहू? दोन माणसं वाळत घातल्ती?"

मलाही नेलं. प्रेमाने नेलं असं समजू नका. बियाण्याच्या धंद्यात नवं वाण तपासताना शेजारी जुनं वाण लावतात, फरक दिसावा म्हणून. त्या जुन्याला कंट्रोल म्हणतात. मी कंट्रोल होते. चाचणी तिची होती. मी वाईट दिसावं, एवढ्यासाठी माझी उपस्थिती होती.

भर दुपारी, बाहेर बेचाळीस अंश असताना, मक्याच्या पोत्यांच्या थप्प्यांमधल्या दोन लाकडी पॅलेटवर दोघे आडवे झाले. रामप्रसाद माझ्यात. बद्रीनाथ तिच्यात, चेन गळ्यापर्यंत ओढून, फक्त नाक बाहेर.

"कसं वाटून राह्यलं?" रामप्रसादने विचारलं. त्याच्या हातात वही होती.

बद्रीनाथने तोंड उघडलं आणि हळूच श्वास सोडला. दहा अंशांत वाफ फारशी दिसत नाही. पण थोडी दिसली. निदान त्याला दिसली.

"रामप्रसाद," तो म्हणाला, "निघाली." आणि मग त्याचा आवाज आलाच नाही. दोन मिनिटांत तो झोपला. भट्टीवरची माणसं कशी झोपतात ते मी पूर्वी ऐकलं होतं: कुशी बदलत, घाम पुसत, उठून माठापाशी जात. हा तसा झोपला नाही. हा व्यालेल्या मेंढीपाशी कोकरू झोपतं तसा झोपला.

हे मी बघायला हवं होतं. मी बघत होते ती बॅग. ती त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होत होती, आणि रामप्रसाद कुडकुडत नव्हता, घामही नव्हता, माझ्यात त्याला अगदी बेताची ऊब होती, तरी त्याने वहीत माझ्यापुढे काही न लिहिता तिच्यापुढे लिहिलं, "उत्तम. झोप दोन मिनिटांत." माझा रकाना कोरा राहिला.

शीतगृहात मोठे पंखे असतात. पंख्याच्या वाऱ्याने माझ्या दशा, म्हणजे काठाचे सुटे दोरे, पलीकडच्या पॅलेटवर गेल्या आणि तिच्या चेनीपाशी पोचल्या, असं म्हणायची सोय आहे. मी तसं म्हणणार नाही. मी गेले. झोपेत बद्रीनाथने चेन आणखी वर ओढली, नाकापर्यंत, आणि मी तिच्या दातांत शिरले. नुसत्या दशाच नाहीत, काठाचं सूतही. जितकं शिरता येईल तितकं.

तास संपला. प्रभावतीबाईंनी दार उघडून हाक मारली, "चला, उगवले का दोघं?" रामप्रसाद उठला तशी मी ताणले गेले आणि माझ्याबरोबर चेन. ती वरही जाईना, खालीही येईना.

"बद्री, ऊठ. चेन अडकली."

"अडकू दे," आतून आवाज आला. "तुम्ही जा. मी हाय इथंच."

"अरे, दार लावायचंय बाईला."

"लावू द्या की. मी काही खात न्हाई बियाणं."

प्रभावतीबाईंनी केसातली पिन काढून चेनीत घातली. पिन वाकली. त्यांनी वहीकडे बघितलं, पाऱ्याकडे बघितलं आणि दोन हमालांना बोलावलं. हमालांनी बद्रीनाथला डोक्याकडून आणि पायाकडून धरलं, एकदोनतीन म्हणून ढकलगाडीवर टाकलं, आणि मला लोंबकळत ठेवून आम्हा तिघांना बाहेर अंगणात आणलं. बाहेर बेचाळीस अंश होते, हे मी आधी सांगितलं आहेच.

उणे दहाला चालणारी बॅग अधिक बेचाळीसला कशी चालते, याची चाचणी यादीत नव्हती. ती झाली. बद्रीनाथचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याच्या मिलमधल्या सळईच्या रंगाचा झाला.

"जल्दी करा रे," तो म्हणाला. "माय गं, भट्टी बरी. भट्टीला निदान मागं सरकता येतं!"

"पाणी मारा," एक हमाल म्हणाला.

"पिसं भिजत्यात," रामप्रसाद म्हणाला.

"भाऊ, माणूस शिजून राह्यला न् तुम्हाला पिसांची पडली?" प्रभावतीबाईंनी पोत्याची शिवण कापायची सुरी आणली. "काय कापू, बोला. ही का ती?"

रामप्रसादने बॅगेकडे बघितलं. ती नवी होती, तिला टॅग होता, ती पास झाली होती. मग त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला एक क्षण लागला. एक लागला, हे मी त्याच्या बाजूने सांगते.

"घोंगडी," तो म्हणाला.

सुरीला धार होती. वीतभर काठ गेला, दशांसकट. सुताच्या गुंत्यातून चेन सुटली, बद्रीनाथ घामाने निथळत बाहेर पडला आणि शीतगृहाच्या भिंतीच्या सावलीत जाऊन सगळ्यांकडे पाठ करून बसला. मला वाटलं, तो बॅगेवर चिडला असेल. नंतर रामप्रसादला तो म्हणाला, "अर्धा तास अजून दिला असता तर काय बिघडलं असतं रे?" तेव्हा मला कळलं की मी काय केलं होतं. बावीस वर्षांत त्या माणसाला एकदा झोप लागली होती आणि ती मी उठवली. कशासाठी, तर एका रकान्यासाठी.

घरी आल्यावर जयवंताबाईंनी मला उलगडलं, काठावरून हात फिरवला आणि हात थांबला. गेलेला कोपरा तोच होता. कारभारींनी डोळे पुसलेला.

"कुणी कापली?"

रामप्रसादने हातातली बॅग पाठीमागे लपवली. पन्नाशीला टेकलेला माणूस आईसमोर असा उभा राहिला की त्याची उंची कमी होते.

"बदकं वाचवली व्हय?" बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "बरं. आता ऐक. ही तुझ्यासंगं जाणार. त्या बर्फात, त्या सायकलीवर. ही गेली तरच तू जायचं. वजन जास्त होतं तर तू जेवण कमी कर."

"आत्याबाई, पण..." रेणूने तोंड उघडलं.

"तू इस्त्री दुसऱ्या कशावरबी कर."

त्या संध्याकाळी त्यांनी चष्मा लावून, लोकरीच्या दोऱ्याने माझा कापलेला काठ दुमडून शिवला. टाके वाकडे आले. रामप्रसादने मला पुन्हा काट्याला लावलं: तीन किलो एकशे नव्वद. लाल रेघेच्या शेजारी, निळ्या पेनाने, ४-अ लिहिलं. माझ्या कानाला, म्हणजे जिथे कान असता तिथे, टॅग बांधला. सायकली आल्या की रामप्रसादच्या सायकलवर मी, बद्रीनाथच्या सायकलवर ती, असं ठरलं. मी जिंकले होते, मित्रांनो, आणि तिच्या चेनीत माझे चार दोरे अजून अडकलेले होते. ते बघून जो आनंद व्हायला हवा होता, तो नेमका झाला नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. घरात एखादी जुनी, जड, बोचरी वस्तू असेल तर तिला अधूनमधून ऊन दाखवा, घडीत कडुलिंबाचा पाला घाला, कसर लागू देऊ नका. आणि तिचा रकाना कोरा ठेवू नका. दोन शब्द लिहा. खोटे असले तरी चालतील. जुन्या वस्तू दुर्लक्षाने तितक्या झिजत नाहीत जितक्या शेजारच्या वस्तूकडे बघून झिजतात, आणि अशी झिजलेली वस्तू काय करेल याचा नेम नसतो. माझा वीतभर काठ गेला तो कसरीने नाही.

राहिली मोहिमेची गोष्ट. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सगळं सामान पास झालं. तीस वस्तू, तीस टॅग, आणि वर मी, ४-अ. रजा मंजूर झाली. बद्रीनाथने मिलमध्ये पेढे वाटले. मग एकतिसावा नंबर आला: टेम्पोतून दोन सायकली उतरल्या, गिअरच्या, चकचकीत, आणि मी त्यांच्यावरही थोडी जळले, सवयीने. रामप्रसादने मला एका सायकलीच्या मागे बांधलं, टांग टाकली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. वारा अंगात शिरला. मला वाटलं, असाच असणार तिकडचा.

आम्ही परत आलो तेव्हा बद्रीनाथ दुसऱ्या सायकलीचं हँडल दोन्ही हातांनी धरून जागच्या जागी उभा होता. नारिंगी बॅग मागे बांधलेली. जयवंताबाई दारात होत्या, हातात ओवाळायचं ताट.

"बस की रे बद्री," त्या म्हणाल्या. "कुणाची वाट बघून राह्यला?"

बद्रीनाथने सायकलकडे बघितलं, रामप्रसादकडे बघितलं.

त्याला सायकल येत नव्हती.